शब्दचर्चा: 'बळी देणे', 'त्याग', 'जिवावर बेतणे'

आडवाट
नीतिशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये मांडलेला ट्रॉलीचा पेच त्यात आहे. ब्रेक गेलेली ट्रॉली, पुढे रुळावर पाच माणसं, बाजूच्या फाट्यावर एक. गाडी फाट्यावर वळवली तर पाच वाचतात, एक मरतो. त्या एकासाठी मूळ लेखात सरसकट 'सॅक्रिफाइस' आहे. 'त्याग' लिहावं तर गाडी वळवणारा साधुपुरुष होतो. 'बलिदान' लिहावं तर मेलेला हुतात्मा होतो. 'बळी' लिहावं तर वळवणाऱ्याच्या हातात सुरा आल्यासारखं वाटतं. तटस्थ शब्द आहे का कुठला?

जुनीवही
नाही, आणि नाही तेच बरं. मराठीत या शब्दांची वाटणी एकाच प्रश्नावर झालीय: जीव कोणाचा आणि देणारा कोण? जिवावर उदार होणं, प्राण वेचणं, जीव ओवाळून टाकणं, आत्माहुती, बलिदान, या सगळ्यांत देणारा आणि जाणारा एकच. दुसऱ्याच्या जिवावर कोणी उदार होत नाही. टोमणा मारायचा असला तर गोष्ट वेगळी. 'बळी देणे' म्हटलं की मात्र दोन माणसं आली. आणि 'बळी जाणे' म्हटलं की त्यातला देणारा अलगद गायब. पुरात इतके बळी, खड्ड्यांमुळे तितके बळी. कोणी दिले हे विचारायला त्या क्रियापदात जागाच नाही. बातम्या लिहिणाऱ्यांना ते फार सोयीचं पडतं.

तुमच्या फाट्यावरच्या माणसाला कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून बलिदान बाद, त्यागही बाद.

जाता जाता: बली म्हणजे मुळात मारणं नव्हे, बाजूला काढलेला वाटा. काकबली, भूतबली हे शब्द बघा. जुन्या राज्यव्यवहारात तर राजाला द्यायच्या करालाही बली म्हणत. (बळीराजाचा इथे संबंध नाही, तो मुद्दा कोणी काढण्याआधीच सांगून ठेवतो.)

आडवाट
पण 'त्यजेदेकं कुलस्यार्थे' मध्ये त्यज् धातूच आहे ना? आणि तो सरळ दुसऱ्या माणसाला लावलाय.

जुनीवही
बरोबर, आणि तिथेच खरी मेख आहे. पूर्ण श्लोक असा:

त्यजेदेकं कुलस्यार्थे ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत् ।
ग्रामं जनपदस्यार्थे आत्मार्थे पृथिवीं त्यजेत् ॥

महाभारतात दुर्योधनाच्या जन्मावेळी अपशकुन झाले तेव्हा विदुर हे धृतराष्ट्राला ऐकवतो. पुढे द्यूताच्या वेळी पुन्हा ऐकवतो. पण शब्द 'त्यजेत्' आहे, 'हन्यात्' नाही. त्यज् म्हणजे सोडणं, आपल्यापासून दूर करणं. सोडलेलं मूल दुसरीकडे जगू शकतं, निदान व्याकरण त्याला जगू देतं. 'कुळासाठी एकाला मारावं' असा अर्थ काढणारे धातू बदलून मोकळे होतात.

दुसरं म्हणजे चौथा चरण. सभांमधून या श्लोकाचे अनेकदा तीनच चरण म्हटले जातात. एक, कुळ, गाव, प्रदेश अशी चढती भाजणी ऐकून 'जास्त माणसं म्हणजे जास्त वजन' असा हिशेब पक्का वाटू लागतो, आणि मग येतं 'आत्मार्थे पृथिवीं त्यजेत्'. एकट्यासाठी पृथ्वीवर पाणी सोडा! आत्मा म्हणजे 'स्वतः' घ्यायचा की 'आत्मतत्त्व', यावर मतं वेगळी आहेत, पण कोणताही अर्थ घेतला तरी संख्येचा नियम तिथे मोडतोच.

रोखठोक
शब्दांचा कीस काढून काय होणार? पाच हे एकापेक्षा जास्त आहेत. आपल्याकडे म्हण आहेच, 'लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे.' माणसं जीव तोलत आलीत, आणि मेलेल्याला तुम्ही बळी म्हणा की त्यागमूर्ती, त्याला फरक पडत नाही.

जुनीवही
तुमची म्हण तर तुमच्या उलट बाजूची आहे, तीत एकासाठी लाख जातायत! अर्थात 'लाखांचा' ही षष्ठी फार काम करते. तो एकटा पडला तर त्याच्या मागचे लाख उघडे पडतील, असा तिचा रोख. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 'चालतील' हा शब्द. कोणाला चालतील? १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले. लोकप्रिय कथनात हे वाक्य त्यांच्या तोंडी येतं. तिथे ते शोभतं, कारण त्या लाखांत बोलणारा स्वतः पहिला आहे. हेच वाक्य पोशिंद्याने स्वतःबद्दल म्हणून बघा.

याच साच्यातलं दुसरं वाक्यही सगळ्यांना पाठ आहे: शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. (इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने दहाच म्हटले होते, आपल्याकडे शंभर म्हणतात.) म्हणजे 'तरी चालेल, पण' हा साचा दोन्हीकडे वळतो. तो संख्या मोजत नाही, काय होऊ द्यायचं नाही ते सांगतो.

रोखठोक
ठीक. पण तुमच्यासमोर ट्रॉली फाट्यावर वळवणारा खटका असता तर ओढला असतात की नाही?

जुनीवही
ओढला असता, बहुधा. पण तेवढ्यावरून 'पाच जास्त म्हणून' हे कारण सिद्ध होत नाही. याच चर्चेतलं दुसरं उदाहरण घ्या. पाच रोगी, प्रत्येकाला वेगळा अवयव हवा. एक धडधाकट माणूस तपासणीला आलाय. त्याला कापला तर पाच वाचतात. आकडे तेच, पण सहसा कोणी हो म्हणत नाही.

फरक मराठीत एका ओळीत मांडता येतो. दुसऱ्या उदाहरणात पाच जण 'त्याच्या जिवावर जगले'. पहिल्यात त्यांचं वाचणं 'त्याच्या जिवावर बेतलं'. फाटा रिकामा असता तरी पाच वाचलेच असते, तो माणूस तिथे असणं कोणाच्या कामाचं नव्हतं. डॉक्टरच्या उदाहरणात तो नसेल तर बेतच उरत नाही. जिवावर जगणं म्हणजे दुसऱ्याला साधन करणं, आणि बेतणं म्हणजे आपल्या करणीचा घाव त्याच्यावर जाणं. बेतणंही निर्दोष नाही, पण ती एकच गोष्ट नव्हे.

म्हणून आडवाट, डॉक्टरच्या उदाहरणात बेधडक 'बळी देणे' लिहा. ट्रॉलीत लिहू नका.

कोर्टकचेरी
जिवावर जगण्याचं अक्षरशः उदाहरण कोर्टात आलेलं आहे. १८८४, मिग्नोनेट नावाची नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि वाटेत बुडाली. चौघे छोट्या होडीत. अन्न संपलं, पाणी नाही. सतरा वर्षांचा रिचर्ड पार्कर आजारी पडला, तेव्हा कप्तान डडलीने त्याला मारलं. सोबतच्या स्टीफन्सची संमती होती, चौथा ब्रूक्स त्या निर्णयात नव्हता. तिघे त्याला खाऊन जगले. इंग्लंडच्या न्यायालयाने 'नाइलाज होता' हा बचाव मान्य केला नाही. खुनाबद्दल फाशी सुनावली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. 'नाइलाज' हा शब्दही या यादीत घ्या. तोही देणाऱ्याला पुसतो.

त्या होडीत चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नव्हत्या, हे मला कायम खटकतं. 'चिठ्ठी', 'पाळी' आणि 'निवड' यांत फार अंतर आहे. बकासुराच्या गोष्टीत घराघराची पाळी होती. भयंकर, पण कोणाचा जीव स्वस्त हे कोणी ठरवत नव्हतं. पार्कर निवडला गेला, आणि निवडला गेला तो सगळ्यांत अशक्त म्हणून.

२००६ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने एका कायद्यातलं कलम रद्द केलं. अपहरण झालेलं विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल तर ते पाडायची मुभा त्यात होती. आतल्या निरपराध प्रवाशांना शासन निव्वळ वस्तू म्हणून वागवू शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. प्रवासी तसेही मरणारच आहेत असं धरलं, तरी.

रात्रपाळी
मी कॅज्युअल्टीत काम करते. एकदम खूप जखमी आले की आम्ही ट्रायाज करतो, म्हणजे तातडीनुसार जखमींची रंगांत वर्गवारी: लाल, पिवळा, हिरवा, काळा. बाहेरच्यांना वाटतं आम्ही कोणाचा जीव मोलाचा ते ठरवतो. तसं नसतं. प्रश्न एवढाच की आत्ता हात लावला तर कोणाला फरक पडेल. आणि रंग कायमचा नसतो, थोड्या वेळाने परत बघायचं असतं, पिवळ्याचा लाल होतो. काळ्याला, म्हणजे वाचण्याची आशा नसलेल्याला, आम्ही 'सोडला' असंही म्हणत नाही, शक्य असेल तेवढं दुखणं कमी करतो. मराठीत 'प्राधान्यक्रम' म्हणतात, तो फारच कार्यालयीन आहे. पण 'निवड' नको. नातेवाइकांसमोर तर मुळीच नको.

आडवाट
रात्रपाळीताई, ते 'मोलाचा' लक्षात ठेवतो. आणखी एक अडचण. लेखात 'पाच प्राण विरुद्ध एक प्राण' अशी मांडणी करायची होती, पण वाचताना अडखळायला होतं.

जुनीवही
अडखळणारच! पंचप्राण एकाच देहात असतात की: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. एकटा माणूस गेला तरी आपण 'त्याचे प्राण गेले' असं बहुवचनच वापरतो. 'पाच प्राण वाचले' म्हणजे तुमच्या वाचकाच्या लेखी एकच माणूस वाचला. मोजायचं असेल तर 'जीव' किंवा सरळ 'माणसं'.

तोलायचं असेल तर शिबी राजा आठवा. कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस देतो म्हणाला. कापून टाकत गेला तरी कबुतराचं पारडं वर येईना, शेवटी स्वतःच तराजूत चढून बसला. या गोष्टीत तोलणारा आणि तोलला जाणारा वेगळे राहतच नाहीत, म्हणून ती दयेची गोष्ट ठरते.

आडवाट
ठरलं. खटक्याच्या ठिकाणी 'एकाच्या जिवावर बेतणार हे माहीत असून गाडी वळवणे' असं लांबलचक लिहितो, अवयवांच्या ठिकाणी 'बळी देणे'. संपादक लांबीवरून कुरकुरतील. शेवटची शंका: बली की बलि?

जुनीवही
सुटा तत्सम शब्द असेल तर मराठीत दीर्घ, 'बली'. समासात पहिलं पद म्हणून आला की ऱ्हस्व, 'बलिदान'. 'बळी' कायम दीर्घ. संपादकांनी कुरकुर केलीच तर त्यांना 'वळवणे' ठेवू द्या, पण 'माहीत असून' काढू देऊ नका.