नगरसेवकाकडे आधी काय मागायचं?

प्रश्न: रविवारी प्रभागाची बैठक आहे. पर्यावरण, घरखर्च आणि रोजच्या सोयी यांबद्दल नगरसेवकाला नेमकं काय सांगावं? नुसतं "विकास करा" म्हणून काही होत नाही.

उत्तर १: मेअखेर नाल्या साफ हव्यात. पण खरी गोम पुढे आहे. काढलेला गाळ नालीच्या काठावरच वाळत पडतो आणि पहिल्या सरीत परत आत जातो. म्हणून ४८ तासांत गाळ उचलायची अट कामाच्या आदेशातच टाकायला लावा. रस्त्याकडेच्या गट्टूंच्या (फरसबंदीच्या ठोकळ्यांच्या) सांध्यांत सिमेंट नको, बारीक वाळू हवी, पाणी जिरतं. झाडाच्या बुडाशी चौफेर १ मीटर माती मोकळी ठेवायची. २३ सप्टेंबर २०२३ ला आपल्या नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यानंतर तरी हे लांबणीवर नको.

उत्तर २: घरखर्चासाठी छतावरची सौर वीज. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. वस्तीतच अर्जाचं शिबिर मागा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असलं की अर्ज तिथेच अडकतो, म्हणून नावबदल आधी.

उत्तर ३: बागेतला कचरा बागेतच जिरवा. १ भाग ओल्याला २ भाग वाळलेली पानं, आठवड्याला एकदा उलथायचं. आंबूस वास आला म्हणजे ओल जास्त, हवा कमी, पानं वाढवा. भांडेवाडीच्या कचरा डेपोपर्यंतची तेवढी वाहतूक वाचते.

आणि सगळं लेखी द्या, जागा विजेच्या खांबाच्या नंबरासकट. तेही मनपाच्या अंदाजपत्रकाआधी. तरतूद नसलेलं काम वर्षभर रखडतं.