कोसंबींना एका आकड्यात कसं मोजणार?
एच-इंडेक्स (किमान तितक्याच वेळा इतरांनी संदर्भ दिलेल्या लेखांची संख्या) पाहिला की संशोधकाचा वकूब कळतो, हे मला अजिबात पटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींचंच घ्या. या गणितज्ञाने १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. आजही पिकांचा जनुकीय नकाशा करताना सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय निवडतात. नाव इतकं रुळलंय की मूळ लेखाचा संदर्भ द्यायचा अनेकदा राहूनच जातो. १९४३ च्या सांख्यिकीतल्या लेखाचं तर फारच वाईट वाटतं. त्यात मांडलेलं तंत्र ओळखलं जातं नंतर लिहिणाऱ्या कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने! शिवाय तक्षशिलेच्या चांदीच्या नाण्यांची वजनातली झीज, संस्कृत कवी भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती, हेही त्यांचंच काम. इतिहासातलं काम पुस्तकांतून वाचलं जातं, त्याचे संदर्भ डेटाबेसमध्ये अर्धेमुर्धेच येतात. निदान विषयवार आकडे तरी वेगळे पाहा.