बायपासनंतर किती वर्षं? तुमच्या घरचे अनुभव लिहा

भावाची गेल्या महिन्यात बायपास झाली. वय 52, तीन ग्राफ्ट (रक्तासाठी जोडलेल्या नव्या वाटा). घरी आल्यापासून रात्री झोप लागत नाही आणि एकच विचारतो, "आता किती वर्षं?" ज्यांच्या घरी ऑपरेशन होऊन बरीच वर्षं लोटली, त्यांनी कृपया लिहा. वाईट असेल तरी लिहा.

*

बाबांची 1999 साली झाली. आज ते 79 वर्षांचे आहेत, दूध आणायला स्वतः जातात. 2013 मध्ये पायातून काढून लावलेली एक शीर बंद पडली, तेव्हा स्टेंट टाकावा लागला. छातीतल्या आतल्या धमनीचा ग्राफ्ट मात्र अजून चालू आहे. सर्जननी तेव्हाच समजावलं होतं : ती धमनी दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत उघडी असते, पायाच्या शिरा तेवढ्यात निम्म्याच्या आसपास बंद होतात किंवा अरुंद होतात. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर 'लिमा' (म्हणजे हीच छातीतली डावी धमनी) लिहिलंय का, ते बघा.

*

आमचे हे सहा वर्षं होते. दोन वर्षं पथ्य, चालणं, सगळं नीट. मग "मला आता काही होत नाही" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. ते गेल्यावर माळा आवरताना तांदळाच्या डब्यामागे तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडली. ऑपरेशनने रक्ताला नवी वाट मिळते, आजार आहे तिथेच राहतो. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गोळ्या आपण स्वतः मोजा, ताई.

*

माझी स्वतःची, 11 वर्षं झाली. छातीपेक्षा पायाची जखम जास्त दुखली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा. चौथ्या आठवड्यात उगाच रडू यायचं, कोणाला सांगितलं नाही. भावालाही तसं होत असेल. त्याला विचारा, आणि डॉक्टरांना सांगा.

*

मामा 14 महिनेच राहिले. मधुमेह जुना, किडनी खराब, हृदयाचं पंपिंग आधीच 30 टक्के. सगळ्यांना एकच आकडा लागू होत नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच फाइल काढली, 'लिमा' आहे. भावाने चष्मा लावून दोनदा वाचलं. पायाची सूज किती दिवस राहते, तेही कोणी सांगाल का?