हात मोडला, पण ऑपरेशन लागलं नाही: तुमचे अनुभव लिहा

महिन्यापूर्वी पावसात जिन्यावरून घसरले आणि उजव्या पंजात, करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, कच्च्या प्लास्टरवर जुळेल. सुटले असं वाटलं! पण आता रोजचं काम माझ्यावरच येऊन पडलंय: हात उशांवर उंच ठेवायचा, मोकळी बोटं सारखी उघडमीट करायची. बोटातली अंगठी त्याच दिवशी साबण लावून काढावी लागली. डॉक्टरांनी सगळ्यात आधी बोटं मिटायला लावून करंगळी शेजारच्या बोटावर चढते का ते पाहिलं. चढली असती तर हाड फिरलंय असा अर्थ, आणि मग उपचार बदलला असता.

मनगट धरून पंजात 27 हाडं. तुमचं कुठलं मोडलं, किती दिवस बांधलं, सुटल्यावर काय झालं, सविस्तर लिहा.

सातारा, आईबद्दल
आई 71 वर्षांची. अंगणात पडताना हात टेकला आणि मनगट जेवणाच्या पालथ्या काट्यासारखं वर आलं. डॉक्टरांनी मोडल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं, हात ओढून हाड बसवलं आणि कच्चं प्लास्टर घातलं. रात्री ठणका वाढतच गेला, बोटं सुजून बधिर झाली. सकाळची वाट न बघता तसेच परत गेलो. पट्टी कापून सैल केली आणि आई तिथेच झोपली. बसवलेलं हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरकू शकतं, म्हणून दर आठवड्याला एक्स-रे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट किंचित वाकडं दिसतं, पण भाकरी थापते. चूक आमची एकच झाली: हात सतत झोळीत ठेवला आणि खांदा आखडला. मनगटापेक्षा जास्त दिवस त्या खांद्याने घेतले.

सांगली, शिवणकाम
चादर गादीखाली खोचताना मधल्या बोटाचं टोक कट्‌कन वाजलं आणि खाली लोंबायला लागलं. फार दुखलं नाही, म्हणून चार दिवस मशीन चालवत राहिले. बोटाचं टोक सरळ करणारी शीर जिथे चिकटते, तिथला हाडाचा तुकडा निघाला होता. प्लास्टिकची टोपी दिली. सहा आठवडे, रात्रंदिवस. मधे एकदा जरी टोक वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. पाचव्या आठवड्यात टोपी धुताना वाकलं. त्या दिवशी खूप रडले. नंतर फिजिओताईंनी रीत दाखवली: बोट टेबलावर सपाट टेकवायचं, टोपी पुढे सरकवून काढायची, कातडी कोरडी करायची आणि बोट न उचलता टोपी परत घालायची. आता सुई ओवता येते.

पुणे, वय 24
माझा ‘मुका मार’ नुसता मुका मार निघाला नाही. बाईकवरून पडलो, मनगट जरा सुजलं, एक्स-रे स्वच्छ. पण अंगठा ताणल्यावर मनगटाशी जो खळगा पडतो, तिथे दाबलं की जीव जायचा. डॉक्टरांनी तेवढ्यावरून प्लास्टर घातलं आणि बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. तेव्हा खळग्यातल्या छोट्या हाडात मोडल्याची रेघ दिसली. या छोट्या हाडाला रक्त बोटांच्या बाजूने येतं, त्यामुळे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो. दहा आठवडे बांधलं. त्या खळग्यात दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेवर विसंबू नका, कळकळीने सांगतोय.

बीड
मी नऊ वर्षांचा असताना हात मोडला. हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. दोन दिवस मी रडत होतो, बोटं काळीनिळी पडली होती, पण ‘हाड जुळताना दुखतंच’ असं सगळे म्हणत राहिले. आज दोन बोटं सरळ होत नाहीत. त्या वैद्यांनी गावातल्या कितीतरी जणांची हाडं बसवली, हेही खरं. पण प्लास्टर असो की कामट्या, बांधल्यावर बोटं सरळ करताना असह्य कळ आली तर बांधलेलं ताबडतोब सोडवून घ्या.

ठाणे, फिजिओथेरपिस्ट
पंजा बांधताना बोटांच्या मुळाचे सांधे वाकवून आणि पुढची बोटं सरळ ठेवतात, ते बघून लोक घाबरतात. मुळाचे सांधे सरळ राहिले तर बाजूचे बंध आखडतात आणि मूठ वळत नाही. प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून स्वतःच हालचाल करा. जोरात मालीश नको, दुसऱ्याकडून बोटं ओढून घेणं तर नकोच.

धागाकर्ती
काल माझं प्लास्टर निघालं. हात पांढरा पडलाय, कातडीचे पापुद्रे निघताहेत. मूठ वळल्यावर करंगळी तळव्यापासून दोन बोटं दूर राहते. ते अंतर रोज रात्री कॅलेंडरवर लिहून ठेवतेय.