मदत हवी आहे : कॉल रेकॉर्डिंगसाठी जुने ६५ ब की नवे कलम ६३?

काकांचा उसनवारीच्या वसुलीचा दिवाणी दावा २०२३ पासून चालू आहे. आता पुरावा सुरू होतोय. समोरच्याने पैसे घेतल्याचं फोनवर कबूल केलंय, त्याचं रेकॉर्डिंग आहे. पण तो फोन बिघडल्यावर एक्स्चेंजमध्ये गेला. फाइल तेवढी आधीच लॅपटॉपवर घेतली होती.

जालन्याच्या निवडणूक वादातल्या खोतकर निकालात (२०२०) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र (रेकॉर्डिंग कोणत्या उपकरणातून, कसं घेतलं हे सही करून सांगणारं) लागतंच. तिथपर्यंत कळलं.

गाडी पुढे अडलीय. ओळखीचे एक वकील म्हणतात, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चा दोन भागांचा नमुना द्या, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे तपासायचा कोड) आणि तज्ज्ञाच्या सहीसकट. पण तो कायदा १ जुलै २०२४ पासूनचा, आणि त्याच्याच कलम १७० नुसार प्रलंबित प्रकरणं १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याने चालायची ना? मला तरी त्या जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र पुरेसं वाटतं.

अशा जुन्या दाव्यात अलीकडे कुणी प्रमाणपत्र दिलंय का? कोर्टाने कोणता नमुना स्वीकारला? आणि फोनच नाही, तर काकांनी लॅपटॉपपुरतं लिहायचं की दोन्ही उपकरणांचा उल्लेख करायचा? दिवाणी कोर्टात रोज उभं राहणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.