डेव्हास्टेटरचा जुना सेट घ्यायचा आहे, काय काय तपासू?

पिवळा_बुलडोझर

नमस्कार मंडळी. ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांमधला १९८५ चा जी-वन (पहिल्या पिढीतला) डेव्हास्टेटर, म्हणजे वाहनाचे रोबॉट होणाऱ्या आणि जोडून एकच मोठा रोबॉट बनणाऱ्या सहा हिरव्या कन्स्ट्रक्टिकॉन्सचा सेट, एका संग्राहकाकडून मिळतोय. सोबत गिफ्ट सेटचा खोका आहे, कोपरे दबलेले. विकणाऱ्याचं म्हणणं, 'पूर्ण सेट, अगदी नव्यासारखा'. त्याने पाच फोटो पाठवलेत. सगळे समोरून काढलेले, सहाही वाहनं ओळीने मांडलेली. त्यातल्या मिक्समास्टरचा हिरवा मला बाकीच्यांपेक्षा किंचित गडद वाटतो, पण तो उजेडाचा खेळ आहे की काय ते कळत नाही.

माझ्याकडे २०१५ चा कॉम्बायनर वॉर्स मालिकेतला मोठा डेव्हास्टेटर आहे, पण तो मी नवाकोरा घेतला होता. जुन्या खेळण्यांचं मला फारसं ज्ञान नाही. हा सेट जोडून शेल्फवर ठेवायचा आहे, पुन्हा विकायचा विचार नाही. किंमत बरीच सांगतोय. पैसे द्यायच्या आधी त्याला नेमकं काय विचारू?

साचा_आणि_शिक्का

सहाही जोडून उभा केलेला डेव्हास्टेटर, असा फोटो त्याने पाठवलेला नाही. माझ्या दृष्टीने हाच तुमचा पहिला प्रश्न. कॉम्बायनर, म्हणजे असा जोडून बनणारा रोबॉट, विकणारा माणूस जोडलेला फोटो देत नसेल तर एकतर भाग कमी आहेत, नाहीतर तो उभा राहत नाही. एक समोरून आणि एक मागून, कुठेही टेकवून न ठेवता, असे दोन फोटो मागा. खेळणं हातात असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे, त्यामुळे टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

जोडलेल्या फोटोत काय बघायचं ते सांगते. स्क्रॅपर उजवा पाय, मिक्समास्टर डावा पाय, लाँग हॉल कंबर, हुक छाती-खांद्यांचा भाग, स्कॅव्हेंजर उजवा हात आणि बोनक्रशर डावा. म्हणजे चौघांचा भार दोन पायांवर येतो. लाँग हॉल आणि पाय यांच्यामधल्या फटी दोन्हीकडे सारख्या दिसायला हव्यात. एका बाजूला झुकलेला दिसला तर त्या बाजूचा टॅब (खाचेत बसणारी जोडणीची जीभ) झिजलाय किंवा चिरलाय असं धरून चाला आणि तिथला जवळून फोटो मागा.

मग जांभळे भाग. डोकं, छातीची ढाल, पंख, दोन्ही पंजे, मोठी बंदूक आणि सहा जणांच्या स्वतःच्या लहान बंदुका. विकणारे 'पूर्ण' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात फक्त सहा वाहनं असतात. मी माझा सेट सुटे भाग जमवत पूर्ण केला आणि सगळ्यात शेवटी मिळाले ते पंजे. सहा वाहनं मिळतात हो, जीव जातो तो पंजांपायी. म्हणून प्रत्येक जांभळा भाग पांढऱ्या कागदावर वेगवेगळा मांडून फोटो मागा, एकावर एक ठेवून नाही.

आता मिक्समास्टर. तुमची शंका रास्त आहे. सहाही जण एका खोक्यातून निघून एकत्रच राहिले असतील तर त्यांचा रंग साधारण सारखाच उतरतो. एकच वेगळा असेल तर तो एकटा उन्हात राहिला असेल, दुसऱ्या सेटमधून आला असेल, नाहीतर नॉकऑफ, म्हणजे नकली माल असेल. उन्हाचा परिणाम ओळखायला वाहनाचा रोबॉट करून बघा. ऊन लागलेल्या खेळण्याचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आत दुमडून राहिलेला पृष्ठभाग यांच्या रंगात फरक दिसतो. आतबाहेर एकसारखाच गडद असेल तर प्लॅस्टिकच वेगळं.

नॉकऑफची खात्री शिक्क्यावरून करा. मूळ खेळण्यावर टाकारा आणि हॅसब्रो या कंपन्यांची नावं कोरलेली असतात, अक्षरांच्या कडा धारदार असतात. तयार खेळण्यावरून साचा काढून नक्कल केली की अक्षरं बुजतात. शिवाय प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, खेळण्यांचं एबीएस प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का, त्यामुळे अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. सहा सेंटिमीटरला जेमतेम ०.३ मिलिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पण जोडताना बरोबर जाणवतं. मूळ लाँग हॉलला नकली पाय लावला की तो डुगडुगतो किंवा खाचेत पूर्ण बसतच नाही.

शिक्क्यावर 'टाकारा टोमी' असेल तर तो माल १९८५ चा असूच शकत नाही, कारण त्या दोन कंपन्या एकत्र आल्या २००६ मध्ये. टाकारा टोमीने 'एन्कोर' मालिकेत डेव्हास्टेटर अधिकृतपणे पुन्हा काढला होता. तो वाईट अजिबात नाही आणि निव्वळ शेल्फवर ठेवायचा असेल तर सांधे घट्ट मिळतील. पण जुन्याच्या भावात तो घेऊ नका.

लाल_चष्मा

वरच्या प्रतिसादाला +१. रब साइनबद्दल थोडी भर घालतो. १९८५ पासून ट्रान्सफॉर्मर्सवर तो उष्णतेने रंग बदलणारा काळपट चौकोन यायला लागला. अंगठा दाबून धरला की ऊब लागून टोळीचं चिन्ह वर येतं, इथे डिसेप्टिकॉनचं. विकणाऱ्याला याचा छोटा व्हिडिओ काढायला सांगा. चिन्ह उमटलं नाही म्हणून खेळणं लगेच नकली ठरत नाही, शाई जुनी होऊन मरते. आणि उमटलं म्हणून अस्सलही ठरत नाही, नवे स्टिकर बनवून लावणारे आहेत. पण सहापैकी पाच मरगळलेले आणि एकच टवटवीत असेल तर विचारा की हा कधी बदलला.

खोक्याविषयी माझं मत जरा वेगळं आहे, बघा पटतंय का. विकायचा नसला तरी खोका कामाचा असतो. मागचे रोबॉट पॉइंट्स (कापून जमवायची कुपनं) कापून घेतलेत का, आतला ट्रे आहे का, सूचनापत्रक आहे का ते विचारा. लाल पट्टीतून वाचायचे टेक स्पेक्स, म्हणजे त्या रोबॉटच्या ताकदीचे तक्ते, असतील तर उत्तमच. ग्रेडिंग, म्हणजे खेळण्याच्या स्थितीला दर्जा ठरवून घेणारे लोक यालाच भाव देतात.

साचा_आणि_शिक्का

लाल चष्मा, खोका हवाच हे मान्य, पण धागाकर्त्याला जोडून ठेवायचा आहे. त्याने कोपरे दबलेल्या खोक्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत आणि मग पंजासाठी वणवण करावी, हे मला पटत नाही. माझ्या हिशेबात आधी सांधे, मग जांभळे भाग, मग शिक्के, मग स्टिकर, आणि खोका सगळ्यात शेवटी. सीलबंद सेट असता तर गोष्ट वेगळी.

सांध्यांबद्दल मघाशी लिहायचं राहिलं. प्रत्यक्ष बघायला मिळालं तर टॉर्च तिरका धरून प्रत्येक पिनेभोवती बघा. पिन प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेली असते, त्यामुळे तिच्याभोवती कायमचा ताण असतो. पांढुरकी रेघ दिसेल. तिच्यावरून नख फिरवा. नख सरळ निघून गेलं तर नुसती ताणाची खूण, तिच्यासह खेळणं वर्षानुवर्षं टिकतं. नख अडलं तर तडा आहे, आणि तो पुढे कधीतरी वाहनाचा रोबॉट करताना उघडणार. हा फरक फोटोत कळत नाही, म्हणून न बघता घ्यायचा असेल तर विकणाऱ्यालाच नख फिरवून सांगायला सांगा. खरा संग्राहक असेल तर त्याला असं विचारलेलं आवडतं.

सांधा घट्ट आहे म्हणून लगेच खूशही होऊ नका. सैल सांध्यात पारदर्शक ॲक्रिलिक किंवा सुपरग्लू लावून तो आवळणं ही नेहमीची युक्ती आहे. नीट केली असेल तर माझी हरकत नाही. पण ते सांगितलं पाहिजे आणि भावात दिसलं पाहिजे.

पिवळा_बुलडोझर

ताई, तुमचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. उत्तर आलं आणि फोटोही. जोडलेला डेव्हास्टेटर उभा आहे, पण डाव्या पायाकडे स्पष्ट कललाय. मिक्समास्टरचं आतलं प्लॅस्टिकही तितकंच गडद आहे, आणि अक्षरं म्हणजे नुसते उंचवटे, वाचताच येत नाहीत. बाकी पाचांची नीट वाचता येतात. पंजे दोन्ही आहेत! एक लहान बंदूक नाही. नख कुठेही अडत नाही म्हणाला. मिक्समास्टर त्याने नंतर वेगळा घेतला होता, हेही विचारल्यावर सांगितलं.

सोडून देऊ का?

साचा_आणि_शिक्का

मुळीच नको. मूळ पंजे, पाच अस्सल रोबॉट आणि प्रश्नांना सरळ उत्तर देणारा माणूस, हे सहजासहजी एकत्र मिळत नाही. फक्त त्याला सेटचा भाव देऊ नका. पाच सुट्या रोबॉटांचा भाव धरा, त्यात पंजे, डोकं आणि ढाल यांचे वेगळे मिळवा, मिक्समास्टरचे शून्य धरा. बंदुकीचे आपोआप वजा होतातच. हा हिशेब त्याला लिहूनच पाठवा, म्हणजे घासाघीस वाटणार नाही.

कन्स्ट्रक्टिकॉन्स त्या काळी एकेकटेही विकले जायचे, त्यामुळे सुटा अस्सल मिक्समास्टर शोधता येतो. शोधताना हिरवाच बघा. जेनरेशन टू या नंतरच्या मालिकेतला १९९३ चा पिवळा याच साच्याचा असल्याने जोडला जाईल, पण तुमच्या हिरव्या सेटमध्ये तो उपराच दिसेल. आणि तोवर हा सेट जोडून उभा ठेवू नका. नकली पायामुळे लाँग हॉलचा टॅब एका बाजूने सतत दाबला जाईल, आणि तुमच्या सेटमधला न चिरलेला टॅब तुम्हाला तसाच ठेवायचा आहे.

पिवळा_बुलडोझर

हिशेब पाठवला. खोक्याचे थोडे वाढवून मागितले, ते मी कबूल केले (लाल चष्मा यांचंही ऐकलं). सौदा ठरला. सुटा हिरवा मिक्समास्टर कुणाच्या नजरेत आला तर इथेच कळवा, आतल्या शिक्क्याच्या फोटोसकट.