अमेरिकन साहित्यातला प्युरिटन ठसा नेमका दाखवायचा कसा?

उंबरठा

एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरसाठी चार हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. विषय: प्युरिटन, म्हणजे न्यू इंग्लंडमध्ये वसलेल्या कट्टर इंग्रज प्रोटेस्टंटांच्या, विचारांचा प्रभाव. गाइडांमध्ये सगळीकडे तीच यादी: पापाची जाणीव, कष्टाळूपणा, देवाची भीती. आणि खाली कादंबरीकार हॉथॉर्नचं नाव. पण प्युरिटनांचा पुढारी विन्थ्रॉप याची जहाजं मॅसॅच्युसेट्‌सला लागली 1630 मध्ये, हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ कादंबरी आली 1850 मध्ये. मधल्या काळात काय टिकलं आणि कशातून पोचलं? शिवाय निबंधकार इमर्सन तर माणूस जन्मतः पापी आहे हेच मानत नाही. त्याला यात कसा बसवायचा?

दौत_टाक

यादी बाजूला ठेवा आणि एकच सवय धरा: खुणा वाचण्याची.

ती कुठून आली हे निबंधात एका परिच्छेदात सांगता येईल. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मताप्रमाणे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं आहे, सत्कृत्यं करून कृपा मिळवता येत नाही. मग आपण निवडलेल्यांत आहोत का, हे कळणार कसं? स्वतःच्या मनात आणि भोवतालच्या घटनांत खुणा शोधून. मॅसॅच्युसेट्‌समध्ये हा खाजगी मामला नव्हता. 1630 च्या दशकातच तिथे मंडळीचं (चर्चचं) पूर्ण सभासदत्व हवं असेल तर आपल्या अंतःकरणात कृपेचं काम कसं घडलं हे सांगावं लागू लागलं, आणि 1631 पासून मताचा हक्कही सभासद पुरुषांपुरताच ठेवलेला. स्वतःच्या मनाचा हिशेब चारचौघांत मांडायचा. त्यातही फार खात्रीने बोललं तर ढोंगाचा वास. पुढच्या पिढीला असा अनुभव सांगता येईना, तेव्हा 1662 मध्ये तोडगा काढला गेला: आईबाप पूर्ण सभासद नसले, पण त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असला, तर मुलांना बाप्तिस्मा मिळेल, प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) मात्र नाही.

आता ‘द स्कार्लेट लेटर’चं 11वं प्रकरण उघडा. पाप लपवून बसलेला पाळक डिम्सडेल व्यासपीठावरून सांगतो की मी पाप्यांतला पापी आहे, आणि लोक त्याला आणखीच पवित्र मानतात. मंडळीपुढे मन उघडं करण्याचा जो प्रकार होता तो इथे पार उलटा पडलाय. 12व्या प्रकरणात उल्केच्या उजेडात त्याला आभाळात ‘ए’ अक्षर, म्हणजे व्यभिचाराची खूण, दिसतं. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक सांगतो की गावाने ते अक्षर ‘एंजल’चं मानलं, कारण त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारले. खूण एक, वाचणारे दोन. आणि निवेदक मध्येच म्हणतो की अख्ख्या आभाळाला स्वतःच्या नशिबाचं पान समजणं हा आजारी मनाचा प्रकार आहे. हॉथॉर्न ही सवय वापरतोही आणि तिच्यावर खटलाही भरतो. सेलममधल्या 1692 च्या चेटूक खटल्यांतले एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हे त्याचे पूर्वज, पण तेवढ्यावर निबंध उभा राहत नाही. चरित्र एका वाक्यात उरका.

जोडीला मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ कादंबरीचं 99वं प्रकरण घ्या: डोलकाठीला ठोकलेलं सोन्याचं नाणं, आणि जो तो त्यात आपलाच अर्थ वाचतो.

पाटी_पेन्सिल

दौत_टाक यांच्याशी सहमत. दुसरा धागा प्रवचनाच्या साच्याचा. तो दाखवायला जास्त सोपा, कारण भाग मोजता येतात. आधी बायबलचं वचन आणि त्याचा संदर्भ, मग त्यातून निघणारा सिद्धांत एका वाक्यात, मग कारणं, शेवटी उपयोजन, म्हणजे समोरच्या श्रोत्याने याचं काय करायचं. भाषा साधी, उपमा स्वयंपाकघरातल्या नाहीतर शेतातल्या. लॅटिनची पखरण करणं म्हणजे विद्वत्ता मिरवणं समजलं जाई.

पाळक जोनाथन एडवर्ड्‌सने 1741 मध्ये एनफील्डला दिलेलं प्रवचन घ्या. वचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 32व्या अध्यायातलं, पाय घसरण्याबद्दलचं, सिद्धांत एक, त्याखाली क्रमांक घातलेले दहा मुद्दे, मग लांबलचक उपयोजन. आगीवर धरलेला कोळी त्या शेवटच्या भागात येतो. मग ‘मोबी डिक’च्या 9व्या प्रकरणात फादर मॅपलचं योनावरचं प्रवचन घ्या आणि समासात पेन्सिलने भाग पाडा. मॅपल धडा दोन पदरी असल्याचं सांगतो: एक सगळ्यांसाठी, एक स्वतः उपदेशकासाठी. हा दुसरा पदर कॅप्टन आहाबला लावून पाहा, बरंच हाती लागेल.

हमखास होणाऱ्या चुका:

विन्थ्रॉपच्या प्रवचनातलं ‘डोंगरावर वसलेलं नगर’ दोनशे वर्षं अमेरिकेच्या ओठांवर होतं, असं लिहू नका. ते प्रवचन छापलं गेलं 1838 मध्ये. आजची त्याची कीर्ती विसाव्या शतकातली: आधी पेरी मिलरसारखे अभ्यासक, मग 1961 मध्ये केनेडी, पुढे रेगन. मूळ मजकुरात फुशारकी नाही, धाक आहे. सगळ्यांचे डोळे आपल्यावर असतील, देवाशी केलेला करार मोडला तर जगभर छी-थू होईल.

प्युरिटन कवी एडवर्ड टेलरचा कवयित्री डिकिन्सनवर प्रभाव दाखवणारे निबंध दरवर्षी येतात. टेलरच्या कवितांचं हस्तलिखित येल विद्यापीठात उजेडात आलं 1937 मध्ये. डिकिन्सन 1886 मध्ये गेली. साम्य दाखवा, प्रभाव म्हणू नका.

एडवर्ड्‌सला ‘नमुनेदार प्युरिटन’ म्हणणंही धोक्याचं. विन्थ्रॉपनंतर शंभर वर्षांनी, धर्मजागृतीच्या लाटेत तो बोलतोय. आणि सेलममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं. एकोणीस जणांना फाशी दिली, जाईल्स कोरीला दगडांखाली चिरडलं.

उंबरठा

खूप मदत झाली. इमर्सनचं मात्र अजून कोडंच आहे. डिकिन्सनचं काय करू?

सह्याद्रीपार

इमर्सनसाठी तारखा लावून पाहा. 1805 मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या मुख्य अध्यासनावर उदारमतवादी हेन्री वेअर बसले. जुन्या वळणाची मंडळी चिडली आणि त्यांनी 1807 मध्ये अँडोव्हरला वेगळं विद्यालय काढलं. एका बाजूने युनिटेरियन (त्रैक्य न मानणारे) झाले, त्यांच्यातून इमर्सन आला. 1832 मध्ये प्रभुभोजनाच्या प्रश्नावरून त्याने बोस्टनच्या सेकंड चर्चचं पाळकपद सोडलं. एकेकाळी इन्क्रीज आणि कॉटन मेदर या प्युरिटन पाळक बापलेकांचं ते व्यासपीठ. मूळ पापाचा सिद्धांत गेला, पण 1836 च्या ‘नेचर’मध्ये निसर्गातली प्रत्येक वस्तू आत्मिक सत्याची खूण असतेच. एडवर्ड्‌सच्या वहीतही जवळपास हेच आहे. मात्र ती वही छापली गेली 1948 मध्ये, त्यामुळे थेट उचल म्हणता येत नाही. पेरी मिलरने 1940 मध्ये एडवर्ड्‌स ते इमर्सन अशी रेघ ओढली, त्यावर आक्षेप आले ते बरोबरच आहेत: कोलरिज आणि जर्मन विचार वगळून इमर्सन समजत नाही. दोन ओळी या आक्षेपालाही द्या.

अवांतर: अँडोव्हरच्या बाजूने 1810 मध्ये परदेशी मिशनचं बोर्ड निघालं आणि फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. तीच आपली अमेरिकन मराठी मिशन, पुढे अहमदनगरची आणि ‘ज्ञानोदय’ची. त्याच भांडणाची दुसरी फांदी.

डिकिन्सनसाठी अक्षरं मोजा. आठ-सहा-आठ-सहा हा भजनांचा छंद, आयझॅक वॉट्‌सच्या गीतांतला. चर्चमध्ये खात्रीने म्हणायच्या त्या चालीत ती शंका भरते. यमक नीट जुळत नाही, ओळ मध्येच रेघेने तुटते, ती जागा बहुधा शंकेचीच. माउंट होल्योकला 1847-48 मध्ये मुलींची श्रद्धेनुसार प्रतवारी केली जाई, आणि तिची गणना ‘आशा नसलेल्यां’त झाली होती.

काळी_शाई

एक आडवा मुद्दा. ‘अमेरिकन मन म्हणजे प्युरिटन मन’ हे वाक्य न्यू इंग्लंडपुरतंच धरा. व्हर्जिनियाची जेम्सटाउन वसाहत 1607 ची, म्हणजे आधीची, आणि चर्च ऑफ इंग्लंडची. न्यू इंग्लंडला एवढं महत्त्व आलं त्यात एकोणिसाव्या शतकातल्या बोस्टनच्या प्रकाशकांचा आणि प्राध्यापकांचाही हात आहे. कष्टाळूपणावर लिहायचंच असेल तर फ्रँकलिनची तेरा सद्गुणांची वही घ्या: डायरीतली आत्मपरीक्षा तीच, रोज काळे ठिपके मांडायची रीत नवी, आणि कृपा पूर्ण गायब.

दौत_टाक

फ्रँकलिन चार हजार शब्दांत मावणार नाही. मेरी रोलन्डसनचं 1682 चं मूळ रहिवाशांच्या कैदेतलं कथन (वीस मुक्काम, आणि जवळपास प्रत्येक संकटाला बायबलचं वचन), हॉथॉर्नची 11 आणि 12 ही प्रकरणं, आणि ‘मोबी डिक’चं 99वं, एवढंच घ्या. रोलन्डसनला साडेसातशे शब्द, हॉथॉर्नला दोन हजार, मेल्व्हिलला उरलेले. इमर्सन तळटीपेत.